मिग निवृत्त झालं, आता मी काय करू?

पत्राचा सारांश: पत्रलेखक ५९ वर्षांचे आहेत. लहानपण निफाड तालुक्यात गेलं. शाळेच्या वाटेवर डोक्यावरून विमान गेलं की दप्तर बांधावर टाकून ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहायचे. पायलट व्हायचं मनात होतं, पण घरची परिस्थिती बेताची. आयटीआयला फिटर ट्रेड केला, नाशिकजवळच्या ओझरच्या विमान कारखान्यात अप्रेंटिस म्हणून लागले आणि ३८ वर्षं तिथेच काढली. अर्धी नोकरी मिग या लढाऊ विमानांच्या जोडणीत आणि ओव्हरहॉलमध्ये गेली, पुढे सुखोई लढाऊ विमानं आणि शेवटची ११ वर्षं इन्स्पेक्शन. पाच महिन्यांनी निवृत्ती आहे. ते लिहितात, 'मिग-२१ सेवेतून गेलं त्या दिवशी वाटलं, आपणही संपलो. नव्या विमानांतलं मला काय येतं?' धाकटी मुलगी २१ वर्षांची, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. तिला पायलट व्हायचंय आणि निवृत्तीचा बहुतेक सगळा पैसा तिच्या प्रशिक्षणात घालायचा यांचा विचार आहे. 'माझं राहिलं ते ती करील.' पत्नीचं म्हणणं, विमान विमान खूप झालं, आता गावी दीड एकर द्राक्षबाग आहे तिकडे लक्ष द्या. त्यातच एका क्लासवाल्याने फोन करून 'तुमच्या अनुभवावर थेट एएमई लायसन्स', म्हणजे विमान देखभाल अभियंत्याचा परवाना, 'काढून देतो' असं सांगत आगाऊ रक्कम मागितली आहे. विमानाशी नातं ठेवावं की तोडावं, आणि पैसा कुठे घालावा, हा त्यांचा प्रश्न आहे.

नमस्कार.

क्लासवाल्याचं आधी सांगते, कारण तिथे पैसे जायची घाई आहे. ती रक्कम देऊ नका. नागरी विमानांच्या देखभालीचा एएमई परवाना डीजीसीए ही नागरी उड्डाणाची सरकारी नियामक संस्था देते, तोही कार-६६ या नियमावलीप्रमाणे. त्याला मॉड्यूलवार परीक्षा आहेत, प्रत्येकीत ७५ टक्के लागतात, आणि विमानांवर काम केल्याची नोंद लॉगबुकात असावी लागते. लष्करी विमानांवरचा तुमचा अनुभव कुचकामी नाही, पण तो एकटा पुरत नाही. त्याला नागरी विमानांवरच्या अलीकडच्या कामाची जोड लागते. म्हणजे परीक्षा तुम्हालाच द्याव्या लागतील आणि एखाद्या मान्यताप्राप्त देखभाल संस्थेत काही काळ प्रत्यक्ष काम करावं लागेल. 'थेट' असा रस्ता नाही, मग कुणीही सांगो. साठाव्या वर्षी हा अभ्यास करायला मनाई नाही. मात्र हातात परवाना येईपर्यंत किती वर्षं जातील आणि तो पुढे किती वर्षं वापरता येईल, याचा हिशेब कागदावर मांडून बघा. तुमच्या जागी मी तो नाद केला नसता, कारण तुमच्याजवळ जे आहे त्याला परवान्याशिवायही मागणी आहे.

आता 'मिगबरोबर मीही संपलो' या वाक्याकडे येऊ. बाकीचे प्रश्न त्यातूनच निघालेत.

मिग-२१ हवाई दलात १९६३ मध्ये आलं आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला त्याला निरोप दिला गेला. ६२ वर्षं. ओझरचा कारखाना १९६४ मध्ये उभा राहिला तो याच विमानासाठी, त्यामुळे त्या दिवशी ओझर आणि पिंपळगावकडच्या किती घरांत गलबललं असेल ते समजू शकतं. पण त्यानंतर महिनाही झाला नाही तोच, १७ ऑक्टोबर २०२५ रोजी, त्याच ओझरला तेजस एमके-१ए या लढाऊ विमानाची नवी असेंब्ली लाइन आणि एचटीटी-४० या प्रशिक्षण विमानाची लाइन सुरू झाली. एअरबसच्या ए-३२० जातीच्या नागरी विमानांची देखभाल नाशिकला करण्याचा करारही २०२३ मध्ये झालेला आहे. म्हणजे एक विमान गेलं आणि काम वाढलं. ते काम करणारी पोरं आज आयटीआयच्या बाकावर बसलेली आहेत.

त्यांना काय येत नाही, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! रिवेटचंच घ्या. ३.२ मिलिमीटर व्यासाचा रिवेट असेल तर त्याची लांबी पत्र्यांची एकूण जाडी अधिक व्यासाच्या दीडपट, म्हणजे जाडीपेक्षा ४.८ मिलिमीटर जास्त. ठोकल्यावर मागचं डोकं ४.८ मिलिमीटर रुंद आणि १.६ मिलिमीटर उंच यायला हवं. पत्र्याच्या कडेपासून भोकाचा मध्य व्यासाच्या दुप्पट आत, आणि दोन रिवेटमधलं अंतर व्यासाच्या तिपटीहून कमी नाही. हे पुस्तकात आहे आणि पोरगं पाठ करून येतं. तरी त्याच्या हातून रिवेट बिघडतो, कारण ड्रिल किंचित तिरकं धरल्याने भोक लंबगोल झालेलं असतं. किंवा भोकाची बर, म्हणजे कडेला उरलेली धातूची खरखर, काढलेली नसते, मग दोन पत्र्यांमध्ये फट राहते आणि रिवेट त्या फटीत फुगतो. किंवा ठोक्याला आधार म्हणून मागे धरलेला लोखंडी ठोकळा, म्हणजे डॉली, हलकी असते. डॉली हलकी पडली की ठोके जास्त मारावे लागतात, जास्त ठोक्यांनी रिवेटची धातू कडक होत जाते आणि डोक्याला चिरा जातात. पोराला वाटतं, मी तर रिवेट गन नीट धरली होती. चूक मागच्या हातात होती हे त्याला सांगणारा माणूस शेजारी उभा लागतो.

बोल्ट सैल होऊ नये म्हणून बांधतात त्या लॉकिंग वायरचंही तसंच. साधारण इंचाला ६ ते ८ पीळ, आणि वायरचा ओढा बोल्ट घट्ट होण्याच्या दिशेने. नवशिका हमखास उलटी बांधतो आणि ती दिसायला तितकीच सुंदर दिसते. दुरून बघून 'ही सैल होण्याच्या बाजूला ओढतेय' हे ओळखायला अकरा वर्षांच्या इन्स्पेक्शनची नजर लागते. रिवेटच्या मागे हवेच्या दिशेने गेलेली काळी रेघ दिसली की तो सैल झालाय आणि घासतोय, हे कोणत्याही धातूच्या विमानाला लागू आहे. मिगला, छोट्या सेसनाला आणि एअरबसलाही.

नवं काय आहे तेही मोकळेपणाने बोलू. तेजसचं बाहेरचं कवच बहुतांश कार्बन कंपोझिटचं, म्हणजे कार्बनच्या कापडाचे थर रेझिनने चिकटवून केलेलं आहे. धातूला मार लागला की खड्डा पडतो आणि तो दिसतो. कंपोझिटला पान्हा पडला तर वरून ओरखडाही नसेल, पण आतले थर सुटलेले असतात. नाण्याने हलकं टकटक करून ऐकलं तर चांगल्या जागी खणखणीत आवाज येतो आणि सुटलेल्या जागी बद्द. पुढची खात्री अल्ट्रासॉनिकने करतात. यात नवं शिकावं लागेल ते कापडाचे थर, रेझिन, तापमान आणि दाब यांचं. पान्हा पडला की लपवायचा नाही, लगेच नोंद करायची, ही शिस्त मात्र तुम्हाला शिकवावी लागणार नाही. पत्रात 'मला काय येतं' म्हणून जे नाकारलंत, त्यातला बराचसा भाग कोणत्याच विमानाबरोबर निवृत्त होत नाही.

मग हे कुठे वापरायचं? नाशिकमध्ये तीन जागा मला दिसतात आणि तिन्हींचा स्वभाव वेगळा आहे.

पहिली आयटीआय. तिथे तासिका तत्त्वावर निदेशक घेतात. मानधन फार नसतं आणि दरवर्षी नव्याने अर्ज करावा लागतो. शिकवण्याचं सीआयटीएस प्रमाणपत्र असेल तर वजन पडतं, म्हणून जवळच्या आयटीआयच्या प्राचार्यांना आत्ताच भेटून यंदाच्या अटी विचारा. खासगी एएमई संस्थांमध्येही वर्कशॉप शिकवणारे लागतात. तिथे गेलात तर 'लायसन्स आहे का' या तोंडी प्रश्नावर परत फिरू नका. कोणत्या विषयाच्या निदेशकाला कोणती पात्रता, हे अशा प्रत्येक संस्थेच्या मंजूर मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. ते पान दाखवा म्हणा. कायद्याचा विषय किंवा इंजिन शिकवायला एक पात्रता असेल, कानशीचं काम आणि रिवेटिंग करून घ्यायला दुसरी.

दुसरी जागा अंबड आणि सातपूर या औद्योगिक वसाहती. विमानाचे सुटे भाग आणि काम करताना भाग पकडून ठेवणारे जिग, फिक्स्चर बनवायची इच्छा असलेले लहान कारखानदार तिथे आहेत. यंत्रं चांगली, कारागीर चांगले, आणि तरी माल परत येतो. बहुतेक वेळा भाग मापात असतो, पण कागद मापात नसतो. धातूच्या बॅचचं प्रमाणपत्र भागापर्यंत जोडलेलं नसतं, मायक्रोमीटरच्या कॅलिब्रेशनची तारीख उलटून गेलेली असते, ड्रॉइंगची जुनी आवृत्ती मशीनवर लावलेली असते. पहिल्या नगाची सविस्तर तपासणी, म्हणजे एएस-९१०२ चा अहवाल, ड्रॉइंगवरच्या प्रत्येक मापाला क्रमांक देऊन भरायचा असतो, तर इथे चार-पाच मुख्य मापं लिहून सोडून दिलेली असतात. आठवड्यातून दोन दिवस जाऊन तुम्ही एवढं जरी सरळ केलंत, तरी त्या माणसाचा धंदा उभा राहतो. मोबदला दिवसावर ठरवा, आणि 'पास करून द्या' असा आग्रह धरणाऱ्याकडे दुसऱ्या दिवशी जाऊ नका. निवृत्तीनंतर पुरवठादाराकडे काम करण्यावर तुमच्या सेवानियमांत काही बंधन असेल तर ते आधी लेखी विचारून घ्या.

तिसरी जागा तुम्ही पत्रात अर्ध्या ओळीत उल्लेखलीत आणि 'पोरखेळ' म्हणून सोडून दिलीत: शाळेतल्या मुलांना विमानाचं मॉडेल करायला शिकवणं. मला ती तिन्हींत सगळ्यात मोलाची वाटते. बांधावर दप्तर टाकणारा मुलगा आजही निफाड, दिंडोरी, चांदवडला आहे आणि त्याला विमान का उडतं हे सांगणारं कुणी नाही.

रिमोटच्या विमानापासून सुरुवात करू नका. हाताने फेकायचा ग्लायडर पुरे. बाल्सा या हलक्या लाकडाच्या ३ मिलिमीटर फळीचा पंख, लांबी ४० सेंटिमीटर, रुंदी ८. मागचा आडवा पंख १६ बाय ४, म्हणजे मोठ्या पंखाच्या क्षेत्रफळाच्या पाचव्या हिश्शाइतका. उभी शेपटी त्याच्या निम्मी. दांडी ३५ सेंटिमीटर. मोठा पंख मधोमध कापून दोन्ही टोकं ४ सेंटिमीटर वर उचलून चिकटवायची, नाहीतर ग्लायडर एका कुशीवर पडतो आणि गिरक्या घेत खाली येतो. तोल पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या एक तृतीयांशावर, म्हणजे पावणेतीन सेंटिमीटरच्या आसपास यायला हवा. दोन बोटांवर तोलून बघायचं आणि नाकाला माती लावून जुळवायचं. मुलं शेपटीला भरमसाट गोंद लावतात. तो एक-दोन ग्रॅम गोंद इतक्या लांब असतो की तेवढ्याने नाक वर होतं. मग ग्लायडर वर चढतो, थबकतो, खाली कोसळतो, पुन्हा चढतो. उपाय म्हणजे नाकाला चिमूटभर माती. सरळ नाक खुपसत असेल तर माती काढा किंवा शेपटीची मागची कड मिलिमीटरभर वर वाकवा. एकाच बाजूला वळत असेल तर पंखाला पीळ पडलाय का ते डोळ्यासमोर आडवा धरून बघा. फेकताना जोर नको, खांद्याच्या उंचीवरून किंचित खाली, आणि सकाळी वारा पडलेला असताना. गटात सहाच मुलं घ्या. त्याहून जास्त झाली की एक बनवतो आणि बाकीची बघत राहतात. बाल्सा मिळाला नाही किंवा महाग वाटला तर थर्माकोलचा पातळ शीट चालतो, फक्त त्याला फेव्हिक्विक लावू नका, थर्माकोल विरघळतो.

मुलं रिमोटवर आली की मात्र जपून. ओझरला विमानतळ, गांधीनगरला लष्कराचं हवाई प्रशिक्षण, देवळालीला तोफखाना. नाशिकच्या आजूबाजूचं बरंच आकाश मोकळं नाही. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे नकाशावर हिरवा, पिवळा, लाल असे विभाग आहेत. उडवण्याआधी त्या दिवशीचा नकाशा बघायचा, मैदान ओळखीचं असलं तरी. शेतात फवारणीचा ड्रोन चालवायचा विचार असेल तर रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं आणि त्यासाठी वयाची अट १८ ते ६५ आहे. तुमच्या हातात पाच वर्षं आहेत. स्वतःच्या दीड एकरासाठी ड्रोन विकत घेणं परवडणार नाही, पण आजूबाजूच्या बागा धरल्या तर हिशेब बदलतो.

आणि शिकवताना एक पथ्य. कारखान्यातलं ड्रॉइंग, फोटो, मॅन्युअलचं पान, कोणत्या विमानात काय बसवलंय ही माहिती, यातलं काहीही वर्गात येता कामा नये. शासकीय गोपनीयता कायदा निवृत्तीने सुटत नाही. त्याची गरजही पडत नाही. अमेरिकेच्या एफएए या संस्थेची देखभालीची हँडबुकं आणि एसी ४३.१३-१बी हे दुरुस्तीचं मार्गदर्शक मोफत मिळतं. वर दिलेली रिवेटची मापं सगळ्या जगाला खुली आहेत.

आता मुलीचं. इथे मला तुम्हाला थोडं थांबवायचंय.

'माझं राहिलं ते ती करील' हे वाक्य प्रेमाचंच आहे, पण त्याचं ओझं तिच्या खांद्यावर जातं. उद्या तिला वर्षभराने वाटलं की हे आपलं काम नाही, तर बाबांची ३८ वर्षांची कमाई आणि बाबांचं स्वप्न दोन्ही बुडवल्याच्या भीतीने ती बोलणार नाही. म्हणून आधी तिला एकटीला विचारा, की बाबा विमानात नसते तरी तू हेच केलं असतंस का? उत्तर लगेच मागू नका.

तिचं उत्तर हो आलं, तर पहिला खर्च मेडिकलचा. डीजीसीएच्या मान्यताप्राप्त डॉक्टरकडे क्लास २ आणि त्यानंतर क्लास १. डोळे, रंगांधळेपणा, कान, ईसीजी, एक्स-रे, रक्त. चष्म्याने दृष्टी पूर्ण होत असेल तर तो अडथळा नाही. मुलींच्या बाबतीत हिमोग्लोबिन कमी निघून तात्पुरतं 'अनफिट' होण्याचे प्रसंग येतात, तेव्हा आधीच साधी रक्ततपासणी करून घ्या. क्लास १ हातात येण्यापूर्वी कोणत्याही संस्थेला मोठी फी देऊ नका. किती घरांनी उलट्या क्रमाने हे केलंय आणि मग डोळ्यांत पाणी आणलंय.

दुसरं, तिचं वय २१ आहे हे तुम्ही विसरताय. हवाई दलाच्या फ्लाइंग शाखेसाठी एफकॅट या प्रवेश परीक्षेची वयोमर्यादा २० ते २४ आहे. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र, पदवीला ६० टक्के. मुलींना खुली आहे, निवड झाली तर प्रशिक्षणाचा खर्च सरकार करतं आणि ते पूर्ण केलं की नोकरी. तिथे उंची, बसल्यावरची उंची आणि पायांची लांबी मोजतात, तीही घरी टेपने आधी बघून घ्या. पायलटची जी संगणकीय चाचणी असते ती आयुष्यात एकदाच देता येते, म्हणून 'अनुभव म्हणून एकदा बसून बघू' असं करू नये. नागरी परवान्याचा रस्ता पुढेही खुला राहील, हा तीन वर्षांत बंद होईल. मग आधी कोणता? (ज्यांच्या मुली दहावीत आहेत त्यांच्यासाठी: मुलींना एनडीएची तयारी करून घेणारी राज्य शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था २०२३ पासून नाशिकमध्येच आहे.)

नागरी रस्ता धरायचाच असेल तर सीपीएलला, म्हणजे व्यावसायिक पायलटच्या परवान्याला, २०० तास उड्डाण लागतं, शिवाय नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, रेग्युलेशन्स आणि टेक्निकल हे लेखी पेपर, प्रत्येकी ७० टक्के, आणि रेडिओची आरटीआर परीक्षा. पेपरची तयारी घरून होते. आधी डीजीसीएच्या पेपरना बसायला लागणारा कम्प्युटर नंबर काढा, निदान दोन पेपर पास होऊ द्या, आणि मग फ्लाइंग स्कूल. अभ्यासाची आवड आहे की फक्त गणवेशाची, ते या सहा महिन्यांत तिचं तिलाच कळेल.

फ्लाइंग स्कूल निवडताना तुमच्याइतका योग्य बाप दुसरा नसेल. धुळे, शिरपूर, बारामती, गोंदिया ही सगळी ठिकाणं महाराष्ट्रातच आहेत. डीजीसीएने २०२५ पासून शाळांना श्रेणी द्यायला सुरुवात केली आहे, ती आधी बघा. मग जा आणि माहितीपत्रक बाजूला ठेवून थेट हँगरमध्ये जा. विमानं किती आहेत हे विचारू नका, आज उडण्याजोगी किती आहेत ते विचारा. कोपऱ्यात उभ्या विमानाचं इंजिन का उतरवलंय, सुटा भाग कधीपासून येतोय, एएमई रोज हजर असतो की बोलावल्यावर येतो. टूलबोर्डवर हत्यारांच्या जागा रिकाम्या आहेत का, तेही तुमची नजर आपसूक बघेलच. शेवटी दोन-तीन विद्यार्थ्यांना बाहेर चहाला न्या आणि गेल्या महिन्यात किती तास उडालात ते विचारा. महिन्याला २० तास मिळत असतील तर २०० तास १० महिन्यांत होतात. ८ मिळत असतील तर २५ महिने, आणि तेवढ्या काळाचा हॉस्टेलचा खर्च वेगळा. पावसाळ्यात ढग आणि दृश्यमानतेमुळे उड्डाण आणखी घटतं. फी पूर्ण आगाऊ भरली की तुमच्या हातात काही उरत नाही. उडालेल्या तासांप्रमाणे हप्ते ठरवून लेखी करार करा, आणि शाळा बंद पडली किंवा विमान महिनोन्महिने उभं राहिलं तर परताव्याचं कलम आहे का ते वाचा.

सीपीएल म्हणजे नोकरी नव्हे हेही घरात एकदा मोठ्याने बोला. पुढे मल्टी-इंजिन, इन्स्ट्रुमेंट रेटिंग आणि ए-३२० सारख्या विमानाचं टाइप रेटिंग, त्याचे वेगळे लाखो रुपये, आणि भरती कधी निघेल ते कंपनीच्या हातात. म्हणून निवृत्तीचा सगळा पैसा यात नको. आधी तुम्हा दोघांचा घरखर्च आणि दवाखाना बाजूला काढा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात आणि दर तिमाहीला व्याज मिळतं. त्यानंतर जे उरेल त्यातला ठरावीक भाग मुलीला, बाकी शैक्षणिक कर्ज तिच्या नावावर. कोर्स संपल्यावर साधारण वर्षभर हप्ता नसतो, पण व्याज चढत असतं, तेवढं व्याज तुम्ही दरमहा भरलंत तरी ती मोठी मदत आहे. घर किंवा द्राक्षबाग तारण ठेवायची वेळ येत असेल तर पत्नीच्या मनापासूनच्या होकाराशिवाय सही करू नका.

पत्नीच्या म्हणण्याकडे तुम्ही पत्रात विरोध म्हणून बघितलंय. मला ते थोडं वेगळं वाटलं. तीन पाळ्या, सणाच्या दिवशी ड्यूटी, फ्लाइट टेस्टच्या आधीच्या रात्री, हे सगळं त्यांनीही ३८ वर्षं केलंय, पगाराच्या यादीत नाव नसताना. 'विमान खूप झालं' याचा अर्थ 'आता तरी घरी असा' असाही असू शकतो. विचारून बघा. ऑक्टोबरच्या छाटणीपासून पुढे बागेत रोज माणूस लागतो, तेव्हा ते महिने बागेला आणि घराला, आणि शिकवण्याची कामं एप्रिल छाटणीनंतरच्या, शाळा-आयटीआय सुरू होण्याच्या काळात, असं वर्ष बांधता येतं. अंबडचे दोन दिवस असतील तर ते वार आधी त्यांच्याशी ठरवा, कारखानदाराशी नंतर.

तुम्हाला स्वतःला अजून उडायचंय का, हे पत्रात कुठेच नाही. असेल तर लाजू नका. हौशी पायलटच्या पीपीएलला क्लास २ मेडिकल आणि ४० तास लागतात, वयाची वरची मर्यादा नाही. त्यासाठी लाखो रुपये घालायचे की नाही हा पुढचा प्रश्न, पण एखाद्या फ्लाइंग क्लबात प्रशिक्षकासोबत तासभर विमानात बसायची सोय आहे का ते विचारायला पैसे पडत नाहीत. स्वतःचं राहिलेलं थोडं स्वतः केलंत, तर मुलीच्या खांद्यावरचं ओझंही उतरेल.

राहिले हे पाच महिने. कारखान्याच्या दवाखान्याची सोय आहे तोवर कानांची ऑडिओमेट्री करून घ्या. वर्षानुवर्षं रिवेट गनजवळ काम केलेल्यांची उंच पट्टीतली श्रवणशक्ती आधी जाते आणि बोलणं ऐकू येत असल्याने लक्षात येत नाही. थंडीत बोटं पांढरी पडून बधिर होत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा आणि नोंदवून घ्या, कंप पावणाऱ्या हत्यारांनी तसं होतं.

मग अनुभवाचा दाखला. 'अमुक वर्षं समाधानकारक सेवा' असा एका ओळीचा कागद बाहेर कुणाच्या उपयोगाचा नसतो. कोणत्या वर्षी कोणत्या शॉपमध्ये, जोडणी की ओव्हरहॉल, कोणत्या टप्प्याच्या तपासणीचा अधिकार कधीपासून, कोणती अंतर्गत प्रशिक्षणं कोणत्या तारखेला, एनडीटीची, म्हणजे भाग न मोडता आतला दोष शोधण्याच्या तपासणीची, पातळी असेल तर ती, हे सगळं गोपनीय काही न लिहिता मांडता येतं. मसुदा तुम्हीच करून साहेबांकडे द्या. मागाहून अर्ज केला तर तुम्हाला ओळखणारा अधिकारी तोवर बदलून गेलेला असतो. आणि तुमच्या क्रमांकाचा तपासणीचा स्टॅम्प ज्या दिवशी जमा कराल, त्या दिवशी त्याची तारखेसह पोच घ्या आणि ती सेवेच्या कागदांबरोबर फाइलला लावा.